कोठीतला देव

रास अबू फोंतासला आम्ही समुद्र गोड करतो.
मी बाटल्यांत क्षार मोजते,
इवानागा-सान पंपाला कान लावून बसतात,
डॉक्टर पाठ ऐकतो तसे.
तीन वर्षांत त्यांनी देवाचं नाव काढलं नव्हतं.

फेब्रुवारीत चहा घेताना मी सहज म्हणाले,
आज आमच्या वसईत सण, बँड असेल, मिरवणूक.
आमच्याकडचा एक पोरगा चारशे वर्षांमागे
तुमच्या नागासाकीत क्रुसावर गेला.

त्यांनी कप खाली ठेवला.
"ती टेकडी मला ठाऊक आहे, तुस्कानो-सान.
पण क्रुसावर गेलेल्यांना नातवंडं कुठली?
मी पाय ठेवणाऱ्यांचा."

दर नव्या सालाला अंमलदार यायचा.
जमिनीवर पितळेची पाटी : आई, मांडीवर बाळ.
पाऊल टाका, वहीत नाव लिहा, घरी जा.
इतकी पावलं पडली की नाक झिजलं, डोळे झिजले,
बाळ आईत मिसळून गेलं
आणि उरली नुसती गुळगुळीत माया.

घरी येऊन त्यांची कोणी खापरपणजी
पाय धुवायची
आणि ते पाणी प्यायची.

मी माझ्या बाटल्यांकडे पाहिलं.
ते पाणी तपासायचं यंत्र
आमच्या लॅबमध्ये नाही.

देव कोठीत, तांदळाच्या पोत्यांमागे.
पाद्री नाही, पुस्तक नाही.
बाप लेकाला प्रार्थना शिकवायचा, तीही कुजबुजत,
वर्षातले चाळीसच दिवस.
अर्थ केव्हाच गळून गेला,
चाल राहिली.

शुक्रवारी मी त्यांना घेऊन गेले.
दोह्याच्या कडेला, वाळूत, गोदामांसारख्या इमारती,
फाटकावर पिशव्या तपासणारा नेपाळी पोरगा,
वर घंटा नाही, क्रूस नाही.
इथे मला दर खेपेला जरा ओशाळं वाटतं.
इवानागा-सान उन्हात थांबले,
कोऱ्या भिंतीवरून सावकाश नजर फिरवली,
म्हणाले, "आमच्या घरासारखं आहे."

आत मल्याळी मिस्सा सुटत होती, कोकणी लागत होती,
रडकी पोरं, अत्तर, चेंगराचेंगर.
मागच्या बाकावर ते काहीतरी पुटपुटू लागले.
त्यातला एक शब्द,
लाटांनी घासून गोटा केलेला,
मी ओळखला.
माझे पप्पा रमेदीच्या देवळात लॅटिनमध्ये म्हणायचे तो.
एकाच गलबतातून उतरला असणार,
आमच्या बंदरात अर्धा, त्यांच्या बेटावर अर्धा.

"अर्थ सांगू?"

"नको."
मग बऱ्याच वेळाने, "आज नको."

परतताना गाडीत त्यांनी बूट काढून वाळू झटकली.
माझ्या डब्यातलं पाणी, आमच्याच प्लांटचं,
थोडं प्यायले, डबा माझ्याकडे दिला.
मीही प्याले.
किती क्षार, काय, ते मी
मोजलं नाही.