भूलचूक देणेघेणे

डुलुथमध्ये फेब्रुवारीत फोन उचलला
की आधी श्वास ऐकू येतो,
मग दुखणं.
मी विचारते, वरची की खालची? उभी की आडवी?
बहुतेकांना ठाऊक नसतं.
अक्कलदाढ कुणाला विचारून येत नाही,
हिरडीखाली कूस बदलत पडून राहते वर्षानुवर्षं
आणि एका रात्री अख्ख्या घराला उठवते.

एकवीस वर्षं मी दर सांगते आहे.
नुसतं इंजेक्शन: दाढेच्या पैशातच धरलेलं.
जागे असाल. ओढ कळेल, दुखणार नाही.
आवाज मात्र येईल, ओलं लाकूड चिरताना येतो तसा.
डॉक्टर हौगेन म्हणतात, हे सांगत जाऊ नकोस.
मी सांगते.
हसवणारा वायू: नव्वद डॉलर वर.
नाकावर रबराची वाटी, पाय थोडे परके होतात.
शिरेतून: पाचशे चाळीस.
ती झोप नव्हे. हाक मारली तर ओ द्याल,
आ करा म्हटलं तर आ कराल,
फक्त नंतर आठवणार नाही.
आणि पूर्ण भूल हवी तर हॉस्पिटल,
भूल देणारा वेगळा, त्याचं बिल वेगळं.
ते किती होईल मला विचारू नका,
त्यालाही माहीत नसतं.

अर्वो निस्कानेन, वय तेवीस,
आजोबाचं नाव लावलेला.
फिनिशमध्ये अर्वो म्हणजे मोल, त्यानंच सांगितलं.
खनिजाच्या धक्क्यावर कामाला,
पण तळं गोठलंय, जहाजं बंद,
म्हणून सवड आहे, आणि पैसे नाहीत.
तरी पाकीट काढलं त्यानं, वीसवीसच्या नोटा.
म्हणाला, शिरेतलं.
मग थांबला.
"म्हणजे तेव्हा मी असणार, पण नंतर आठवणार नाही?"
तसंच काहीसं.
"मग तेव्हा तिथे असतो कोण?"
माझ्या दरपत्रकात याचा रकाना नाही.

दुसरा आहे: घरी कोण नेणार.
आई ॲरिझोनात. भाऊ बोलत नाही.
त्यानं टॅक्सीचा नंबर लिहिला होता.
टॅक्सी चालत नाही, मी म्हटलं,
ओळखीचं माणूस लागतं, सही करणारं.
त्यानं नोटा पुन्हा पाकिटात घातल्या,
"इंजेक्शनच द्या मग. स्वस्तात सुटलो,"
आणि सुजलेली बाजू सांभाळत
अर्ध्या तोंडानं हसला.

मी फॉर्म फिरवून माझ्याकडे घेतला.
लव्हर्न ओस्टबी, लिहिलं.
नातं: शेजारीण.
तो अकरा मैलांवर राहतो.

चार वाजता गाडीत, गालांत बोळे,
तो दिसेल त्याची किंमत विचारत होता.
तो पूल कितीला?
हे दिवे?
आणि हे तळं, सगळं, पलीकडच्या काठापर्यंत?
विम्यात बसत नाही, मी म्हटलं.
त्यानं गंभीरपणे मान हलवली,
जणू असंच काही ऐकायची तयारी होती.
मग रडला. भुलेनं रडतात लोक,
मी शेकडो पाहिलेत, खुर्चीतून उठून रडणारे,
पण ते माझ्या गाडीत नसतात.
सिग्नलला हातमोज्यानं गाल पुसला त्याचा.
बोळ्यांआडून तो काहीतरी बोलला.
मला नीट कळलं.
त्याला ते आठवणार नाही,
म्हणून इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे फोन केला.
सूज? आहे.
रक्त? थांबलं.
सूप गार करूनच प्या, स्ट्रॉ नको.
"मला घरी कोणी सोडलं?"
शेजारणीनं.
"मला शेजारीण नाहीये."
मी गप्प.
बराच वेळ तोही.
"किती द्यायचे तिला?"
पावती पुढ्यात होती. खाली रेघ मारली,
म्हटलं, बाकी काही नाही.

फोन ठेवला, आणि जीभ आपसूक गेली
मागे, उजवीकडे, खालच्या खड्ड्याशी.
सत्त्याऐंशी साल.
नुसतं इंजेक्शन.
बारा नंबरची बस, खिडकीची जागा,
तोंडात बोळा,
आणि वाहक नसल्यामुळे
कोणीच काही विचारलं नाही.