तांबूस धूर

दहावीचा निकाल लागला आणि आठवड्यात
सयाजी मामाच्या मागं सेलमला गेला, गलाईवर.
मी विट्यातच, अकरावी सायन्स.
स्टँडवर पत्र्याची पेटी टपावर चढवत म्हणाला,
"तू शिक. मीपण शिकतो."

बी.एस्सी., एम.एस्सी., सेट (तीही तिसऱ्यांदा);
आता तासिका तत्त्वावर शिकवते,
पगार दिवाळी उलटून गेल्यावर.
सयाजीचा बंगला लेंगऱ्याच्या रस्त्याला,
गेटवर सिमेंटचे दोन हत्ती,
आणि अकरा महिने कुलूप.

जत्रेला आला की आमच्याकडं चहा ठरलेला.
एकदा माझी बांगडी फरशीवर वाजवून म्हणाला,
"बावीस न्हाई ही. वीस, लई झालं तर."
फसवली गेले होते मी, वाईट त्याला वाटलं.
मी प्रयोगशाळेत गुपचूप वजन केलं,
एकदा हवेत, एकदा पाण्यात,
दोन पानं आकडेमोड.
वीस पूर्णांक एक.

यंदा तो खोकतच आला.
"वैजे, तेजाब ओतलं की तांबूस धूर निघतो,
त्याला तुमच्यात काय म्हणत्यात?"
"नायट्रोजन डायऑक्साइड."
शब्द तोंडात घोळवून बघितला त्यानं, सोडून दिला.
"आमच्यात नाव न्हाई.
थांबला की सोनं झालं, एवढंच."

मी हे दरवर्षी शिकवते.
समीकरणाच्या शेवटी छोटा बाण काढते, वर जाणारा,
म्हणजे वायू निघून गेला.
कुठं गेला, ते परीक्षेला नसतं.
आमच्या धुराच्या कपाटाचा पंखा कधीचा बंद आहे,
त्यात झाडू ठेवतो.
वीस वर्षांत त्याला एकदाही सांगितलं नाही मी.
त्यानं विचारलं नव्हतं,
आणि मला ते हत्ती दिसत होते.

निघताना चपला घालत म्हणाला,
"थोरलीला सायन्सला घालू, का दुकानात बसवू?"
ओठावर आलेलं गिळलं मी.
लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढून दिलं:
पंखा, नळी, कॉस्टिकच्या पाण्याचं पिंप.
कागद त्यानं उलटा धरला, मग सुलटा.
"ही नळी हितं वाकवली तर दोन दिसात गळंल.
कशाची घ्यायची?"

मला माहीत नव्हतं.

त्यानं एक चप्पल परत काढली.