चिंतेला भूक लागते

पहाटे तीनला रिसा भट्टी पेटवतो
आणि जगाचं राजकारण
त्याला पिठाच्या पोत्यांत कळतं.

अगादेझच्या बाहेर, तारेच्या कुंपणाआड
परक्यांचा तळ: बिनमाणसांची विमानं,
आणि माणसांसाठी रोज तीनशे चाळीस लांब पाव.
करारात लिहिलं होतं, पापुद्रा कुरकुरीत हवा,
वाळू आढळल्यास पैसे कापू.
वाळू! अगादेझात!
रिसानं हसत सही ठोकली
आणि घरी येऊन वाळूतच भाजलेली तागेल्ला
झटकून, फुंकून, रश्श्यात कुस्करून खाल्ली.

लांब कुठेतरी एक टेबल असणार,
असं त्याची बायको तेम्मा म्हणते.
टेबलावर नकाशा,
नकाशावर आपलं गाव म्हणजे टाचणीचं डोकं.
टाचणी टोचली की कळ कुणाला येते?
रिसा उत्तर देत नाही. त्याचे हात पिठात असतात.

मग एका रात्री राजधानीत
गणवेशातली माणसं टीव्हीवर ओळीनं उभी राहिली.
त्या लांबच्या देशानं रेडिओवर सांगितलं: तीव्र चिंता.
सकाळी तळावरून निरोप: आज सहाशे पाव.
"चिंतेला भूक लागते," तेम्मा म्हणाली.
'आम्ही बारकाईनं लक्ष ठेवून आहोत' – चारशे.
'सर्व पर्याय खुले आहेत' – दोनशे दहा.
ज्या संध्याकाळी 'ऐतिहासिक मैत्री' हे शब्द आले
त्या रात्री रिसानं पीठ भिजवलंच नाही.
मंत्र्यांना कळायला अजून आठवडा होता.

शेवटच्या महिन्याचं बिल राहिलं.
पुतण्या अघाली ते घेऊन फाटकापर्यंत गेला.
पहाऱ्यावर तोच विशीतला पोरगा,
रोज गरम पावाचा शेंडा मोडून खाणारा.
"हे मला नको विचारू," म्हणाला,
आणि खिशातला घडीचा चाकू काढून दिला.
पैशांच्या बदली की आठवण म्हणून,
अघालीला कळलं नाही, त्यालाही नसावं.
चाकू बोथट आहे. कांदा कापतो, दोरी नाही.

विमानं गेली. कुंपण राहिलं.
शेळ्यांना शिळ्या पावाची सवय लागली होती,
त्या अजून फाटकाशी जाऊन उभ्या राहतात.

परवा दुसरी माणसं आली, दुसऱ्या झेंड्याची,
तशाच गॉगलांची.
दुभाष्यानं विचारलं, काळा पाव जमेल का, राईचा?
जमेल. किती?
ते अजून वरून ठरायचंय.
रिसानं हात पुसले. म्हणाला, "आधी पैसे."
दुभाष्या या दोन शब्दांचं भाषांतर
बराच वेळ करत राहिला,
मग ते सगळे हसले,
त्यातल्या एकानं रिसाच्या खांद्यावर हात ठेवला.
आत तेम्मा पीठ चाळत होती.
चाळणीत नेहमीसारखी
वाळू उरली.