मार्ग प्रस्ताव : सातारा ते मिरज, पॅसेंजर

लांबी : एकशेतीस किलोमीटरच्या आसपास.
काळ : दुसरा रूळ पडायच्या आधीचा,
डोक्यावर तारा यायच्याही आधीचा.
दोन हजार नऊ धरा. डिझेल इंजिन, दहा डबे,
त्यातल्या एकाचं दार लागत नाही.

तुमच्या खेळात बर्फाचे डोंगर आहेत,
दोनशेच्या वेगानं बोगद्यातून सुटणाऱ्या गाड्या आहेत.
मी खेळते त्या, रात्री, दुकान बंद केल्यावर.
माझ्या गाडीचा वेग पन्नास.
उतार असला तर पंचावन्न.

देखावा :
ऊस. पण तीन तऱ्हेचा लागेल,
लागणीचा, खोडवा आणि तुरा आलेला.
एकच झाड हजार वेळा चिकटवू नका,
आमच्याकडं लगेच ओळखू येतं.
कोरेगावला फलाटावर घेवड्याची पोती.
मसूरला कुणी नाही, एक कुत्रं ठेवा.
किर्लोस्करवाडीला पाळी सुटलेली माणसं,
बोटांना तेल, डबा रिकामा, आवाज मोठा.

वासाचा रकाना तुमच्या नमुन्यात नाही.
तरी लिहिते : मळी. पुढंमागं लागली तर.

प्रवासी :
एक मिरजेचे सतारमेकर, सोबत सात वाळके भोपळे,
बाकावर ओळीनं बसवलेले.
टीसीनं विचारलं, यांचं तिकीट?
ते म्हणाले, अजून बोलायला लागले नाहीत, लहान आहेत.
हे मी पाहिलंय. घालता आलं तर घाला.

आमणापूरला गाडी बावीस मिनिटं थांबेल.
समोरून एक्स्प्रेस यायची असते, रूळ एक.
खेळणारा कंटाळेल, मला माहीत आहे.
पुढं ढकलायचं बटण तेवढं देऊ नका.
त्या बावीस मिनिटांत मी फार्मसीची दोन वर्षं वाचली
आणि एका पोराला नाही म्हणाले,
आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा नाही म्हणाले.

आता फाटक.
भिलवडी आणि नांद्र्याच्या मध्ये, वसगड्याकडचं.
आज तिथं भुयारी रस्ता आहे, त्यात गुडघाभर पाणी.
तुमची फाटकं आपोआप पडतात, सगळी सारखी.
या एकाला सहा सेकंद जास्त द्या.
रंगराव मदने तिथं हातानं चाक फिरवायचे
आणि त्यांचा उजवा खांदा
थंडीत वर जात नसे.
सहा म्हणजे सहाच. मी मोजलेत,
शाळेतून येताना, फाटकाच्या अलीकडं उभी राहून,
माझ्याच बापाचा राग करत.

कच्चा तुकडा मी स्वतः बांधलाय, चार किलोमीटरचा, येरळेच्या पुलासकट.
परवा अण्णांना दाखवला.
ते पडद्याकडं बघेचनात. डोळे मिटून ऐकत होते.
मग म्हणाले, "शिट्टी चुकलीया.
सी-फा लिहिलेला बोर्ड आला की वाजवायची,
फाटकात आल्यावर वाजवून काय उपेग?
म्हस काय तुझ्या खेळातली हाय व्हय?"

मी मागं गेले. बोर्ड लावला,
पिवळा, काळ्या अक्षरांचा. गाडी पुन्हा सोडली.
शिट्टी वाजली, लांब, जिथं वाजायला हवी तिथं.

अण्णा खुर्चीतून उठले.
डाव्या हातानं खुर्चीवरची हिरवी चादर ओढली आणि पुढं धरली,
ताठ, इंजिन जाईपर्यंत, मग डबे,
मग गार्डाचा डबा, ज्यात मी अजून गार्ड बसवलेला नाही.
उजव्या हातात लाल पंचा होता, नुकतंच तोंड पुसलेला.
तो गुंडाळून त्यांनी पाठीमागं घेतला,
गाडी थांबू नये म्हणून.

तर, गार्ड लागेल. हात बाहेर काढून
उलट हिरवा दाखवणारा. एवढं तुम्ही करा,
मला माणसं नीट काढता येत नाहीत.

उरलेले रकाने :
अंदाजे खेळाडू, माहीत नाही.
शिफारस, वर दिली आहे.
अर्जदार : सुवर्णा रंगराव मदने, औषधाचं दुकान, भिलवडी.
दुपारी दोन ते चार फोन करू नये.