पाय आधी बघतो

पुस्तक हातात आलं की मी आधी पाय बघतो.
(आम्ही बाया इथं 'बघतो'च म्हणतो. हसायचं तर हसा.)
तीस वर्षं सुभाषनगरात चपलांच्या वेण्या घालतो,
तोंड बघून माणूस कळत नाही मला,
टाच बघून कळतो.

मुजावरांच्या रद्दीत किलोवर येतात चित्रांची पुस्तकं.
दिलावर माझ्यासाठी बाजूला काढतो,
वाचून परत दिलं तर पाच रुपये, ठेवलं तर तीस.
या महिन्यात चार झाली.

'लोहगरुड', भाग सहावा.
छाती अशी की तालमीतल्या पोरांनी लाजावं,
पोटावर आठ वड्या, मोजल्या मी.
आणि पाय?
कुठं धूर, कुठं गवत,
कुठं चौकटच गुडघ्यात कापलेली.
उडतो म्हणे.
उडणारच की, उभं राहता कुठं येतंय!
एकदाच बूट काढलाय गड्यानं, पान चाळीस,
तर दोन्ही पाय डावे.

दुसरं जपानचं.
ते उजवीकडनं वाचायचं असतं हे मला कोण सांगणार?
मी डावीकडनं धरलं.
सरणावरनं म्हातारा उठला,
दवाखान्यात गेला, तिथं बरा झाला,
बायकोशी भांडण मिटलं, मग लग्न झालं,
शेवटी एवढंसं पोरगं होऊन डबक्यात पाय सोडून बसला.
दिलावर म्हणाला, "उलटं वाचलंस की गं आक्का."
सरळ पण वाचलं मग. बरं आहे.
उलटं जास्त चांगलं आहे.
आणि डबक्यातली ती बोटं,
पाण्यात जरा मोठी दिसतात, तश्शीच काढलीत.
त्या माणसाला इथनं नमस्कार.

तिसऱ्याचं शेवटचं पान नव्हतं.
खून कुणी केला ते त्याच पानावर.
फाटका गठ्ठा दिलावरनं भडंगवाल्याला दिलेला,
म्हणजे खुनी कुणीतरी रंकाळ्यावर बसून
कांद्याबरोबर खाल्ला.
माझं म्हणणं, कंपाउंडर.
सुरुवातीला त्याच्या चपलेचा अंगठा तुटलाय,
साठाव्या पानावर धड आहे,
आणि कुणी काही विचारतच नाही.

चौथं ठेवून घेतलं. 'मिठागर'. जाड, काळंपांढरं.
बोलणं फार नाही त्यात, बरं वाटलं.
एका पानावर नुसतं दार, दारात चपला, अकरा जोड.
पुढच्या पानावर तेच दार, दहा जोड
आणि एक एकटी, पालथी.
कोण गेलं ते लिहिलेलं नाही.
मी मागं जाऊन सगळ्यांचे पाय तपासत बसलो,
साडेबारा वाजले, पोरं म्हणाली दिवा मालव.
धाकट्या सुनेची.
टाच उजवीकडं झिजलेली.
बाई लंगडते हे पुस्तकात कुणीच बोलत नाही,
नुसतं झिजवत आणलंय, पान दर पान.
दोन चौकटींमधे पांढरी फट असते ना,
तिथनं निघून गेली ती,
आणि घरातल्या कुणाला आवाज आला नाही.

तक्रार एकच. गोष्ट जुन्या काळातली,
आणि वहाणांना टाके मशीनचे.
वादीचा टाका तिरका पडतो, बाबा. येऊन बघून जायचंस.
तेवढं सोडलं तर जगात भारी.

रोशनी, माझी भाची, दहावीला आहे.
म्हणाली, मावशी, तुझं पण कॉमिक काढतो.
सहा चौकटी काढल्या.
हात बरोबर. आरी बरोबर.
दोरा बांधलेला चष्मा, तो पण बरोबर.
"पाय कुठायत?"
"दिसत नाहीत. तू सगळीकडं पायावरच बसलीयास."
परत बघितल्या सहाच्या सहा.
मांडी, मांडी,
चहाच्या वेळेला पण मांडी.

"मग जरा गवत तरी काढ," म्हटलो.