रिकामं पिंप

माझं काम आकडे वाचायचं.
महिन्यातून एकदा मोस्तारहून निघायचं,
त्रेबिझातच्या काठाकाठाने दारं ठोठवायची,
कुणाच्या जिन्याखाली, कुणाच्या गोठ्यात वाकून
फिरणारी चकती बघायची, लिहायचं, निघायचं.
कुत्री मला वासाने ओळखतात, माणसं टोपीने.

आंजाचा मीटर तळघरात.
उतरलं की आधी गारवा गुडघ्यांना लागतो,
मग वास येतो, ओल्या चुनखडीचा
आणि आणखी कशाचा तरी,
ज्याची चार वर्षं मी चौकशी केली नव्हती.
मार्चमध्ये दोनशे अकरा युनिट लिहीत होतो,
तर म्हणाली, टोपी काढ, बस.
पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीतून ओतलं तिने,
लेबल अर्धं सोललेलं,
उरलेल्या अर्ध्यावर निळा डोंगर.

मी पितो ती सुपरमार्केटातली वाइन:
सोनेरी अक्षरं, किल्ल्याचं चित्र,
कुठल्याशा स्पर्धेचं चिकटवलेलं पदक.
हिच्याजवळ सांगण्यासारखं काहीच नव्हतं.
पहिल्या घोटाला जिभेच्या कडा आवळल्या
डाळिंबाच्या सालीने आवळाव्यात तशा,
मग आंबट चेरी,
आणि मी पेला खाली ठेवल्यावर, बऱ्याच वेळाने,
निरोप घेऊन गेलेला पाहुणा
छत्री विसरली म्हणून परत यावा
तशी थोडी गोडी.

केवढ्याला?
पाच मार्क. बाटली परत आणलीस तर साडेचार.

ब्लातिना, ती म्हणाली. एकटी फळत नाही ही.
हिची फुलं नुसत्या बायका.
शेजारी दुसरी वेल लागते, त्र्न्याकसारखी,
वारा लागतो,
आणि फुलोऱ्याच्या आठवड्यात कोरडं आभाळ.
नाहीतर घोसात चार मणी,
आणि शरदात पिंपावर थाप मारली
की ढोलासारखं वाजतं.
आजा हिला रिकामं पिंपच म्हणायचा,
शिवी दिल्यासारखं, आणि दर वर्षी लावायचा.

आता येर्कोचं घर, भिंतीला भिंत लागून.
सात वर्षं मीटर शून्य चार चार एक आठवर.
तो आउग्सबुर्गला गेला, फ्रिजचं दार उघडं ठेवून.
मी दर महिन्याला तोच आकडा लिहितो,
शेऱ्यात लिहितो: बंद.
पण झरोक्यातून बघतो तर त्याचे त्र्न्याक छाटलेले,
एकेक फांदी विलोच्या काडीने बांधलेली.
गडी ठेवलाय का त्याने?

त्याला कुठे माहितीय, आंजा म्हणाली.
नाताळात फोन करतो, छपराचं विचारतो.
त्याच्या वेली मेल्या तर माझ्या वांझ राहतील,
म्हणून सकाळी आधी त्याच्या करते,
मग माझ्या. कंबर आधी तिकडे खर्च होते.
आणि द्राक्षं?
तिने दिवा मीटरच्या मागे धरला.
वेताच्या टोपलीतले सात काचेचे बुधले,
प्रत्येकावर खडूने साल, आणि येर्को.
त्याचे ते त्याचे.

मी वीस मार्कांची नोट ठेवली,
म्हटलं, राहू दे.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी मीटरमध्ये फेरफार करताना सापडलो.
वर गेली, पायऱ्या मोजत,
आणि आणखी तीन बाटल्या घेऊन आली.
हिशेब झाला.
गाडीत शेजारच्या सीटवर चौघींना
एकच पट्टा बांधून घाट उतरलो.

माझी बोटभरही जमीन नाही.
पण यंदा मे संपताना मोस्तारवर ढग जमले
तेव्हा रात्री दोनदा उठून खिडकीशी गेलो.
बायकोने विचारलं, काय झालं?
काही नाही म्हटलं. झोप. पडत नाहीये.

बाटल्या धुऊन ओट्यावर पालथ्या घातल्यात.
दोन मार्क येणं आहे.