इतर

सर्जेकोटच्या जेटीवर बारा वर्षं
मी मासे लिहीत आले.
पकडत नाही, विकत नाही, लिहिते.
होडीचा नंबर, जाळं कुठलं, वजन अंदाजे.
वहीच्या कोपऱ्यांना खवले चिकटून
पानं एकमेकांना सोडत नसत.

मार्चमध्ये ओजस तोडणकर आला
खांबावर कॅमेरा बसवायला.
चढताना चपला काढून ठेवल्या त्यानं,
देवळात जावं तशा.
म्हणाला, ताई, आता हाच बघेल, हाच मोजेल,
तुम्ही फक्त चुकलं तर सांगा.

तेव्हापासून मी घरी बसून सांगते.
पडद्यावर पाटी, पाटीतल्या एकेका माशाभोवती
पिवळी चौकट, चौकटीवर नाव,
नावापुढे आकडा, किती खात्री ते.
तारली, ब्याण्णव टक्के.
मी चौकट ओढून शेपटीपर्यंत नीट बसवते
आणि लिहिते, पेडवा.
चाळीस पैसे.

खाली एक रकाना आहे: कसं ओळखलंत?
सक्तीचा नाही. रिकामा ठेवते.
काय लिहू,
की पेडव्याचा काटा मला आधी जिभेनं शिकवला,
डोळे नंतर शिकले?

इंदुमती कुबल लिलावात बसते.
पाटी पुढे आली की कल्ला उचलते, मग भाव बोलते.
कॅमेऱ्याकडे हनुवटी करून तिनं विचारलं,
"वास येता काय गो ह्येका?"
नाही, म्हटलं.
"मगे कालचो मासो आजचो म्हणान खपवूक बरो."
सगळे हसले. ओजसही, जरा उशिरा.

बंदीच्या दिवसांत, होड्या शाकारलेल्या,
जेटीवर नुसती कुत्री,
ओजसनं माझेच जुने फोटो त्याला खाऊ घातले.
सात वर्षांचे, माझ्या फोनवरचे.
त्यानं माझ्या ढोम्यांचे दोन ढीग केले.
मी चिडले. दोनशे चौकटी रागानं पुसल्या.
मग एक फोटो मोठा केला.
एकाच्या कल्ल्यामागे काळा डाग.
दुसऱ्याला नव्हता.
पुढचा फोटो. डाग. पुढचा. नाही.

बारा वर्षं दोन मासे
मी एका नावावर खपवले होते,
आणि खाली सही केली होती.

संध्याकाळी इंदुमतीकडे गेले, फोन पुढे धरला.
तिनं चष्मासुद्धा लावला नाही.
"दोन असतत ते. एक तिकल्याक बरो, एक सुकवूक.
तू कधी इचारलंस?"

खरंच, कधी?
रोज तिच्यापासून चार हातांवर उभी राहून
मी वजन विचारलं, भाव विचारला,
पावसाळ्यात छत्रीसुद्धा मागितली.

पहिल्या महिन्यात नऊ हजार चौकटी आल्या.
या महिन्यात सोळाशे.
जेवढं नीट शिकवते तेवढं माझं काम आटतं.
आमच्या मास्तरांना हे गणित लागू नव्हतं,
त्यांच्यापुढे दर जूनला नवी पोरं यायची,
तितकीच ढ.
हा एकदा शिकला की शिकला.
ओजस म्हणतो, पुढे तुम्हाला तपासनीस करतील.
कोणाला तपासायचं, ते अजून ठरलेलं नाही.

आज एक चौकट आली.
लेपा, एकतीस टक्के.
बघते तर इंदुमतीचा हात.
पंजा पसरलेला, चपटा, रापलेला,
अंगठा कल्ल्याखाली शिरलेला,
करंगळीवर जुन्या काट्याचा वण.
नाही म्हटलं तरी लेप्यासारखाच दिसत होता.

यादीत हात नाही.
यादीत नाही ते सगळं 'इतर'मध्ये टाकायचं,
तुटकी चप्पल, समुद्री साप, बर्फाचा तुकडा.
'इतर'वर बोट ठेवलं आणि थांबले.

कसं ओळखलंत?
ऐंशी अक्षरांची जागा.
कल्ला उचलल्यावर ती आत नेमकं काय बघते,
रंग, की चिकटपणा, की अजून काही,
मला अजूनही माहीत नाही.

इंदुमतीला फोन लावला.
उचलत नाही.
लिलाव चालू असणार.